अपुऱ्या माणसांचं गाव

वर्म ऑनलाइन हा इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायचा खेळ कुणाला समजावून सांगायचा म्हणजे पंचाईत होते. "त्यात करायचं काय?" या पहिल्याच प्रश्नाला धड उत्तर नाही. राक्षस मारता येतात, पण सुरुवातीला आपण इतके कच्चे असतो की साधं रानडुक्कर आपल्याला लोळवतं. जिंकायची सोय नाही, कारण खेळ संपतच नाही. मग उरतं ते काम. झाडं तोडायची, ओंडक्यांच्या फळ्या करायच्या, डोंगर पोखरून लोखंडाचा दगड काढायचा, तो वितळवून खिळे करायचे, आणि मग त्या फळ्या-खिळ्यांनी एक भिंत उभी करायची. प्रत्येक कृतीला पडद्यावर एक रेघ सावकाश सरकते आणि आपण तिच्याकडे बघत बसतो. मेहुण्याला हे सगळं एकदा सविस्तर सांगितलं. शांतपणे ऐकून तो म्हणाला, "म्हणजे रोजगार हमीच की. फक्त हजेरीचे पैसे तूच भरतोस."

पैसे भरतो हे खरं. फुकट खेळणाऱ्याला कुठलंही कौशल्य २० च्या वर नेता येत नाही. कौशल्यं शंभराहून जास्त, आणि प्रत्येकाची पट्टी १०० पर्यंत. सुरुवातीचे अंक भराभर मिळतात, पन्नाशीनंतर गती मंदावते, नव्वदीच्या पुढे एकेका अंकाला माणूस महिने घालवतो. एवढा संथ खेळ लोक का खेळतात, याचं माझं उत्तर बरीच वर्षं ठरलेलं होतं: गावासाठी. आता ते उत्तर मला अर्धवट वाटतं. गाव सोडून जाणं आणि परत येणं यात माझ्या इतक्या खेपा झाल्या आहेत की गाव कशाने उभं राहतं यापेक्षा ते कशाने जातं, हे मी जास्त खात्रीने सांगू शकतो.

स्वीडनच्या रॉल्फ यान्सन आणि मार्कुस पेर्सन यांनी हा खेळ बनवला, २००६ साली तो सुरू झाला. पेर्सन पुढे त्यातून बाहेर पडला आणि २००९ मध्ये त्याने माइनक्राफ्ट आणला. माझा भाचा तो खेळतो. त्यात एकटा मुलगा एका संध्याकाळी लाकडी कुदळीपासून हिऱ्याच्या कुदळीपर्यंत जातो. गावंही असतात, पण तयार. लांब नाकाचे गावकरी आधीपासूनच हिंडत असतात आणि पाचू घेऊन वस्तू देतात. भाचा त्यांची घरं लुटतो, त्यांच्या शेतातली गाजरं उपटतो, आणि तरी दुसऱ्या दिवशी ते त्याच्याशी व्यवहार करतात. वर्ममध्ये नवख्यांना उतरवायला काही सरकारी वस्त्या आहेत, बाकी प्रत्येक गाव कुणीतरी वसवलेलं. जमीन बघायची, डीड नावाचा कागद विकत घ्यायचा, मधोमध टोकन उभं करायचं, आणि मग दरमहा त्या डीडचा खर्च, अपकीप, चांदीच्या नाण्यांत भरत राहायचा. कंपनीच्या दुकानात चांदीचं एक नाणं साधारण एका युरोला. डीड ज्याचं तो मेयर. मेयर बोलावेल तो गावकरी.

माझी पहिली मेयर जर्मन होती. तिच्या वेशीशी मी पोचलो तेव्हा अंगावर सुरुवातीला मिळालेली हत्यारं आणि पोटात काही नाही अशी अवस्था होती. तिने विचारलं, "काय येतं?" काहीच येत नव्हतं. "मग खण," ती म्हणाली.

खणणं हे वर्ममधलं सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत निकडीचं काम. जमीन सपाट असल्याशिवाय घराचा पाया धरत नाही. उतार जास्त असला तर गाडी चढत नाही, आणि कौशल्य कमी असलं तर तीव्र उतारावर फावडं चालतच नाही. मातीचा एकेक ढीग वीस किलोचा. थोडे उचलले की पाय जड होतात आणि पात्र गोगलगाईच्या चालीने चालू लागतं. मी टेकडीची माती काढून दलदलीत टाकत होतो. महिनोन्‌महिने. जी जागा सपाट झाली तिच्यावर सुताराने गुदाम बांधलं, मला न विचारता, आणि मला त्याचा अभिमान वाटला. का वाटला असेल?

त्या गावात सुतार वेगळा होता, गवंडी वेगळा, लोहार वेगळा. पुस्तकी हौस म्हणून नाही. सगळ्यांचं सगळं कच्चं होतं म्हणून. लोहाराचंच बघा. वर्ममध्ये प्रत्येक हत्याराला क्वालिटी असते आणि वापराने ती झिजते. ती परत वाढवायची म्हणजे 'इम्प' करायचं. भट्टीत हत्यार तापून लाल झालं पाहिजे, मग कधी त्याला लोखंडाचा तुकडा लागतो, कधी हातोडी, कधी धार लावायचा दगड, कधी पाणी, कधी पॉलिशला कातडं. पुढची पायरी कोणती ते हत्यारच सांगतं. एकेका पायरीला रेघ सरकते, आणि कौशल्य कमी पडलं तर क्वालिटी वाढायच्या ऐवजी हत्यारालाच इजा होते. पन्नास कौशल्याच्या लोहाराने केलेलं फावडं आणि मी स्वतः ठोकूनठाकून केलेलं फावडं यांच्यात इतका फरक असतो की मी लोहाराच्या दारात जाणारच. लोहार कोळशासाठी लाकूडतोड्याच्या दारात जाणार. लाकूडतोड्याला भाकरी हवी. गवंड्याला दगडी भिंतीसाठी विटा आणि गारा हवा, गाऱ्याला वाळू आणि चिकणमाती, आणि चिकणमाती खणणारा गावात एकच, तो मी.

शिवाय माझ्याकडे एक गोष्ट होती जी कुणाकडेच नव्हती, आणि ती शिकावी लागली नव्हती: भारतातली सकाळ. वर्ममधलं शेत पेरून सोडून देता येत नाही. पीक वाढीच्या एका टप्प्यावरून दुसऱ्यावर गेलं की दाताळ्याने राखावं लागतं, नाहीतर उतारा घटतो; तयार झाल्यावर वेळेत काढलं नाही तर तण माजतं. युरोपातले गावकरी रात्री झोपायला जात तेव्हा आपल्याकडे पहाट व्हायला आलेली असे. मी कॉलेजला जाण्याआधी अर्धा तास शेतं राखायचो. मग अमेरिकेतला एक म्हातारा, निवृत्त ट्रकचालक, त्याच्या रात्री येऊन धान्य काढायचा. आमची भेट आठवड्यातून एखाद्या वेळीच व्हायची, पण राखलेल्या शेतावरून आम्ही एकमेकांना ओळखत होतो. "कांद्याला हात लावू नकोस, ते परवा" अशी चिठ्ठी तो कोठीच्या दाराशी ठेवून जायचा.

आजोबा तेव्हा आमच्याकडे पुण्यात राहायला आले होते. खुर्ची ओढून पडद्याकडे बघत बसायचे. बैल नाहीत, पाऊस कुठे दिसत नाही, या त्यांच्या तक्रारी. एकदा विचारलं, "तुमच्या त्या लोहाराला बैतं काय देता?" मी सांगितलं, काही देत नाही, प्रत्येकजण आपलं काम करतो. त्यांना ते पटलं नाही. "काही तरी देत असणार. फुकट कोण घण मारतोय?" त्यांच्या लहानपणी सुताराला, लोहाराला, चांभाराला सुगीला खळ्यावरून धान्य जायचं, वर्षाच्या कामाच्या बदल्यात, माप घालताना कोण किती हात आखडता घ्यायचा त्याच्या गोष्टी त्यांना तोंडपाठ होत्या.

इथे मला सावध राहावंसं वाटतं. आपल्याकडे गावाबद्दल लिहिताना बलुतेदारीचं कौतुक फार पटकन येतं. कशी सगळी एकमेकांत गुंतलेली होती, कसा प्रत्येकाला मान होता, वगैरे. मान कुणाला होता आणि वेशीबाहेर कोण होतं हे सांगायला नको. आजोबांच्या गावातल्या सुताराचा मुलगा भोसरीला एका कारखान्यात लागला आणि जत्रेखेरीज गावी आला नाही. गावाला आपली गरज आहे या गोष्टीचं त्याला अजिबात अप्रूप नव्हतं, कारण ती गरज त्याच्या जन्माआधीच ठरलेली होती. वर्ममधलं गाव एका मेनूवर क्लिक करून सोडता येतं. जो लोहार असतो तो कंटाळला की मासेमारी करतो. तेव्हा या दोन गावांची मी तुलना करत नाही. आजोबांचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला: फुकट कोण घण मारतो? आमचा लोहार मारत होता, कारण त्याला स्वतःला फावडं चालवता येत नव्हतं.

मग नोकरी लागली आणि माझं येणं कमी झालं, बंद झालं. निरोप वगैरे घेतला नाही. वर्ममध्ये कुणी घेत नाही. आपण खेळ बंद करतो तेव्हा 'उद्या' असं म्हणतो.

परतीची पहिली खेप विचित्र असते, कारण जिथे उभं असताना खेळ बंद केला तिथेच पात्र पुन्हा उभं राहतं. मी गुदामात बंद केला होता. उघडला तेव्हा उघड्या माळावर होतो. भिंती नाहीत, छप्पर नाही, कोठ्या नाहीत, टोकन नाही. अपकीप संपलं की डीड मोडतं, आणि मग क्षय आपलं काम सुरू करतो. डीडच्या छत्राखाली जे वर्षानुवर्षं टिकतं ते छत्र गेल्यावर हळूहळू झिजून नाहीसं होतं: कुंपणं, घरं, पेट्या, पेट्यांतलं सामान. वर्ममध्ये वेळ आपल्या आठपट वेगाने धावतो. तिथला दिवस आपल्या तीन तासांचा, वर्ष बेचाळीस दिवसांचं. त्या हिशेबाने मी कित्येक पिढ्यांनी परतलो होतो.

पण माती तशीच होती. ही या खेळाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट. लाकूड, दगड, लोखंड सगळं जातं. जमिनीला दिलेला आकार राहतो. दलदल भरून केलेलं सपाट पटांगण जसंच्या तसं होतं, टेकडीचा कापलेला कडा होता, मेयरने हौसेने लावलेली ओकांची रांग होती, म्हातारी, वाळायला आलेली. कुणी नवखा तिथून गेला असता तरी त्याला कळलं असतं की इथे वस्ती होती. आपल्याकडे पांढरीची जागा ओळखतात तशी. सुताराचं काम गेलं, लोहाराचं गेलं आणि ज्याला काहीच येत नव्हतं त्याचं खणणं तेवढं शिल्लक, हे बघून थोडं हसू आलं, थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

आजूबाजूला गावं होती. भरपूर होती. पण फिरून बघितली तर जवळपास प्रत्येक डीडवर एकच माणूस. खेळ जुना झाला होता आणि जे टिकले होते त्यांची सगळी कौशल्यं ऐंशी-नव्वदीला पोचली होती. स्वतःच सुतार, स्वतःच लोहार, स्वतःच आचारी. जे स्वतःला जमत नव्हतं त्यासाठी दुसरं खातं, ज्याला ऑल्ट म्हणतात: एक ऑल्ट पुजारी, एक शेतकरी, एक फक्त बोट चालवायला. एका बाईंच्या डीडवर टुमदार चर्च होतं, बाजार होता, धर्मशाळा होती, आणि गावकऱ्यांच्या यादीत चार नावं, चारही त्यांचीच. स्वभावाने फार चांगल्या. मी मागायच्या आधीच मला हत्यारांचा अख्खा संच देऊन टाकला, प्रत्येकाची क्वालिटी सत्तरच्या वर. बदल्यात काय देऊ विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्याकडे मला लागेल असं काही नाही." यात उद्धटपणा नव्हता. ते खरंच होतं. मी काही दिवस हिंडलो आणि पुन्हा बंद केलं.

२०१४ मध्ये झानाडू हा नवा सर्व्हर, म्हणजे खेळातली नवी भूमी, उघडला, तेव्हा परतलो. एका बाजूला ८१९२ चौकोन, एकेक चौकोन चार मीटरचा, म्हणजे बत्तीस किलोमीटरहून लांब भूमी. लोकांना वाटलं नवीन जमीन म्हणजे नवीन गावं. पण जुन्या सर्व्हरवरचे लोक आपली नव्वदीची कौशल्यं आणि भरलेली गलबतं घेऊनच तिथे येऊ शकत होते. माणसं विखुरली, शेजारी दिसायला घोड्यावरून अर्धा तास जावं लागे.

२०१५ मध्ये वर्म अनलिमिटेड आला. यात ज्याला हवा त्याने आपला सर्व्हर चालवावा, नियम आपले ठेवावेत. आम्ही पुण्यातल्या काही मित्रांनी तेच केलं. सगळे नोकरदार, वेळ कुणाला नाही, म्हणून कौशल्य वाढण्याचा वेग दसपट केला. मला आठवतं, मोठ्या उत्साहाने गावाचं नाव ठरवण्यावरून भांडणं झाली, मारुतीचं देऊळ कुठे असावं यावर एक पूर्ण रविवार गेला. आठवड्याभरात प्रत्येकजण लोहार होता. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाचं नदीकाठी वेगळं घर होतं. तिसऱ्यात देवळाचं छप्पर राहून गेलं, कारण ते प्रत्येकालाच घालता येत होतं. आम्ही वेळ वाचवायला निघालो होतो, आणि जो वेळ वाचला त्यातच तर एकमेकांकडे जाणं होतं. नव्या सर्व्हरची योजना घेऊन आजही कुणी मित्र आला की मी पहिल्यांदा वेग विचारतो.

मग २०२० चा जुलै. वर्म ऑनलाइन स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आला आणि त्याच्याबरोबर नवे सर्व्हर उघडले, जुन्यांशी न जोडलेले. हार्मनी हा त्यातला शांततेचा, डिफायन्स लढाईचा. जुनं पात्र, जुनी कौशल्यं, जुनी चांदी काहीच नेता येणार नव्हतं. वीस-वीस हजार तास खेळलेले आणि काल खेळ उतरवून घेतलेले, सगळे पुन्हा एकवर. बाहेर लॉकडाउन होतं. मुंबईहून कोकणात, घाटावर गावी परतणाऱ्यांना वेशीबाहेरच्या शाळेत चौदा दिवस ठेवत होते, काही ठिकाणी तर गावातही घेत नव्हते. इकडे मी पडद्यावर एका नव्या वेशीशी उभा होतो आणि आत कुणीतरी ओरडत होतं, "खिळे! कुणाकडे खिळे आहेत का?"

तो उन्हाळा, तिकडचा, वर्ममधल्या माझ्या आयुष्यातला सर्वांत गजबजलेला काळ. उतरायच्या वस्तीभोवतीचं जंगल पाहता पाहता बोडकं झालं. चॅटवर विटांचे भाव ओरडले जात होते. साधी शिडाची होडी बांधायची तर एकाने दोर वळायचे, दुसऱ्याने कापसाचं शिडाचं कापड विणायचं, तिसऱ्याने डांबर शोधून आणायचं, आणि होडी पाण्यात उतरली की सगळे किनाऱ्यावर जमायचे, जणू कुणाचं लग्न आहे. ज्यांनी जुन्या सर्व्हरवर एकट्याने महाल बांधले होते ते इथे दुसऱ्याच्या चुलीवर रांधत होते. मला तेव्हा कळलं की गाव माणसांच्या चांगुलपणावर उभं नसतं. त्या चार खात्यांच्या बाई आमच्या सगळ्यांपेक्षा चांगल्या होत्या. सगळ्यांना सगळं येत नाही, तेवढ्याच मुदतीत ते उभं असतं. कौशल्याची पट्टी वर चढत जाते तशी मुदत भरत जाते. खेळ आपल्याला जे बक्षीस देतो त्यानेच गाव मोडतो.

हार्मनीवरही ते व्हायचं तेव्हा व्हायला लागलंच. दीडेक वर्षाने अर्धे गेले, उरलेल्यांच्या पट्ट्या वर सरकल्या, आणि एके दिवशी आमच्या मेयरने, हा मेयर पोलिश, स्वभावाने चिडका, गावच्या चॅटवर एक नियम टाकला: प्रत्येकाने एक कौशल्य असं निवडायचं की जे तो कधीही शिकणार नाही. शिकायला मिळालं तरी नाही. लोकांनी चेष्टा केली. मला सुरुवातीला तो नियम लाडिक वाटला. संन्याशाने भगव्याला इस्त्री करावी तसा काहीसा. गरज अशी ठरवून निर्माण करता येते का? पण मी लोहारकाम निवडलं, बाकीच्या बहुतेकांनीही तेच, कारण ते सर्वांत कटकटीचं. त्यामुळे गावात लोहार एकच उरली, फिनलंडची एक परिचारिका, आणि गेल्या वर्षी तिला बाळ झाल्यावर ती येईनाशी झाली.

हत्यारं झिजत गेली. बाजारात ऐंशी क्वालिटीचं फावडं चांदीच्या काही नाण्यांत मिळतं, घरपोच. कुणी घेतलं नाही. मेयरने कुणाला बंदी केली नव्हती, विचारलंही नव्हतं. लाकूडतोड्या एका झाडाला पूर्वीच्या दुप्पट वेळ घेत होता आणि चॅटवर त्याबद्दल जोरात कुरकुरत होता, पण कुऱ्हाड त्याने भट्टीशेजारच्या पेटीत टाकली ती टाकलीच, आणि सुरुवातीच्या किटमधल्या कुऱ्हाडीने काम चालवलं. पेटी भरत गेली.

नंतर एका सकाळी, माझ्या सकाळी, मी शेतं राखत असताना भट्टीतून धूर दिसला. तिच्याकडे रात्र होती. बाळ झोपत नाही म्हणून तीही जागी. पेटी उघडून तिने पहिलं वाक्य लिहिलं ते इथे देता येणार नाही. दुसरं असं होतं की कोळसा कुणी भरून ठेवला नाही का. मी कोळसा आणला, पाणी आणलं, माझं फावडं ऐरणीवर ठेवलं. ते सगळ्यांत शेवटी होईल असं तिने सांगितलं, कारण सगळ्यांत वाईट तेच होतं. आणि तोवर रिकामा बसू नकोस, मला चिकणमाती लागणार आहे, जा घेऊन ये.

कशाने खणू, मी विचारलं. फावडं तुझ्या ऐरणीवर आहे.

त्यावरून जो वाद सुरू झाला त्यात दुपारपर्यंत मेयर, लाकूडतोड्या आणि अमेरिकेतून नुकताच उठलेला एक गवंडी असे सगळे पडले होते, आणि माझी ऑफिसची मीटिंग बुडाली.